ओपन सोर्स: बड्या कंपन्या मेंटेनरांचं काय देणं लागतात?

2025 च्या जूनमध्ये निक वेल्नहोफर या प्रोग्रामरनी एक गोष्ट जाहीर केली. ते सांभाळत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी सुरक्षेची त्रुटी कळवली, तर यापुढे तिला खास वागणूक मिळणार नाही. ती इतर चुकांसारखीच लगेच सगळ्यांना दिसेल आणि सवड होईल तेव्हा दुरुस्त होईल. त्या सॉफ्टवेअरचं नाव लिबएक्सएमएल2. एक्सएमएल नावाच्या मांडणीतली माहिती वाचून देणं हे त्याचं काम. सामान्य माणसाने ते ऐकलेलं असण्याचं कारण नाही, पण ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांच्याही उत्पादनांत ते वापरलं जातं. वेल्नहोफर यांचं म्हणणं सरळ होतं: आठवड्यातले कित्येक तास सुरक्षेच्या तक्रारी निस्तरण्यात जातात, आणि या कामाचा मला कुणी पगार देत नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी ती जबाबदारीच सोडली.

त्याच वर्षाच्या अखेरीस एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांचा गूगलशी जाहीर वाद झाला. तपशील वेगळा असला तरी प्रश्न तोच होता.

हे वाचून दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक, "स्वतःच फुकट दिलं ना, मग आता कुरकुर कशाला?" दुसरी, "एवढ्या श्रीमंत कंपन्या, द्यायला काय जातं यांचं?" दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. म्हणून जरा मुळापासून पाहू.

## आधी चार शब्द

प्रोग्रामर जो मजकूर लिहितो तो सोर्स कोड. बहुतेक कंपन्या आपला कोड झाकून ठेवतात. जो कोड कुणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतो, तो ओपन सोर्स. तसं करायची परवानगी ज्या मजकुराने मिळते तो परवाना, म्हणजे लायसन्स. आणि तो कोड वर्षानुवर्षं चालू ठेवणारा माणूस म्हणजे मेंटेनर.

मेंटेनर बहुतेक वेळा मूळ लेखक असतो, पण त्याचं रोजचं काम नवीन कोड लिहिण्याचं फारसं नसतं. लोकांच्या तक्रारी वाचणं, त्यातली खरी कोणती ते पडताळणं, अनोळखी माणसांनी पाठवलेले बदल ओळ न ओळ तपासणं, नवी आवृत्ती काढणं आणि त्या आवृत्तीने कुणाचं काही मोडलं तर बोलणी खाणं, यात त्याचा वेळ जातो.

आज कुठलंही ॲप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका कंपनीने लिहिलेलं नसतं. ते असे शेकडो तयार सुटे भाग जोडून बनतं, आणि त्यातले बरेचसे ओपन सोर्स असतात. हार्वर्डशी संबंधित मॅन्युएल हॉफमन, फ्रँक नेगल आणि यानुओ झोऊ या तिघांनी 2024 मध्ये एक अभ्यास मांडला. सर्वाधिक वापरातलं ओपन सोर्स नसतं आणि प्रत्येक कंपनीला ते आपापलं लिहावं लागलं असतं, तर एकंदर खर्च सुमारे 8.8 लाख कोटी डॉलरवर गेला असता, असा त्यांचा अंदाज आहे. कंपन्यांचा सॉफ्टवेअरवरचा खर्च आजच्या साडेतीन पट झाला असता.

## हा लेख पडद्यावर कसा उमटला?

आकड्यांपेक्षा जवळचं उदाहरण घेऊ. 'सूर्यकिरण' हा शब्द संगणकात साठवला जातो तो असा: स, ऊकार, र, हलन्त, य, क, इकार, र, ण. अशी नऊ चिन्हं एकापुढे एक. यात रफार कुठेच नाही, आणि 'कि'मधली वेलांटी क च्या नंतर आहे. पण तुमच्या पडद्यावर रफार य च्या डोक्यावर चढलेला दिसतो आणि वेलांटी क च्या आधी येते. ही उलथापालथ कुणीतरी करावी लागते. 'दुसऱ्या'मधला र वेगळ्या तऱ्हेने जोडायचा, 'सूर्या'मधला वेगळ्या, हे कुणीतरी संगणकाला शिकवावं लागतं.

अँड्रॉइड फोनवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये हे काम हार्फबझ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर करतं. त्याचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फाहबोद. मूळचे इराणचे. देवनागरी, बंगाली, तमिळ, अरबी अशा अनेक लिप्यांची जोडाजोड त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. अनेक वर्षं त्यांना या कामाचा पगार मिळाला, कारण त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्यांत गूगल होती आणि गूगलला अँड्रॉइडवर या लिप्या नीट दिसायला हव्या होत्या. म्हणजे हे जमू शकतं. कंपनीला गरज कळली, तिने माणूस नेमला, काम सगळ्यांसाठी खुलं राहिलं, आणि फायदा गूगलच्या प्रतिस्पर्ध्यांनाही झाला. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला तर झालाच. लिबएक्सएमएल2 च्या नशिबी हे आलं नाही, एवढाच फरक.

## फुकट आहे, तर खर्च कसला?

धुळे-नाशिक पट्ट्यात पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड बागायतीची जुनी पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये विभागलेली. बंधारा एकदा झाला की पाणी आपोआप येतं, त्याचं बिल नदी पाठवत नाही. पण पाटात गाळ साचतो, काठ फुटतात, कुणाच्या फडात कधी पाणी सोडायचं हे पाहायला पाटकरी लागतो. हा भार लाभधारक शेतकरी आपसांत वाटून घेतात. ज्याची शेती पाटावर आहे त्याला 'बंधारा तर पूर्वजांनी बांधून ठेवलाय, मी कशाला देऊ' असं म्हणता येत नाही.

ओपन सोर्सचं पाणीही असंच आपोआप येतं. कोडची प्रत काढायला खर्च शून्य. पण कोड जागच्या जागी राहत नाही. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर तो चालतो ती बदलते, ज्या दुसऱ्या भागांवर तो उभा आहे ते बदलतात, हल्ले करणारे नव्या युक्त्या शोधतात. दहा वर्षांपूर्वी बिनचूक असलेला कोड आज धोक्याचा असू शकतो. आणि गाळ काढायला बऱ्याच ठिकाणी एकच माणूस आहे, तोही नोकरीवरून घरी आल्यावर.

2014 च्या एप्रिलमध्ये हे पहिल्यांदा जगासमोर आलं. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर वेबसाइट आणि ब्राउझर यांच्यातला संवाद गुप्त ठेवतं. बँकेच्या साइटवर कुलपाचं चिन्ह दिसतं त्यामागे असंच सॉफ्टवेअर असतं. त्यात 'हार्टब्लीड' नावाने गाजलेली त्रुटी सापडली. तिच्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतली गुपितं बाहेरच्या माणसाला वाचता येत होती. चौकशी झाली तेव्हा कळलं की या प्रकल्पाला वर्षाला साधारण 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. इंटरनेटवरचा अर्धाअधिक व्यापार ज्या कुलपावर विसंबून होता, त्या कुलपाची ही अवस्था. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेतला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन आदी कंपन्यांनी तीन वर्षं दरवर्षी किमान एक लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि ओपनएसएसएलची घडी बसली. पण ती बसली ती नाचक्की झाल्यावर.

## "लायसन्समध्येच लिहिलंय, काही देणं नाही"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. एमआयटी, अपाची, बीएसडी यांसारखे लायसन्स वापरणाऱ्याकडून पैसे मागत नाहीत. कंपनीने हा कोड घेऊन अब्जावधी कमावले तरी तिने कुठलाही करार मोडलेला नसतो. तिला चोर म्हणणं चूक आहे, आणि तशी भाषा करणाऱ्यांनी या विषयाचं नुकसानच केलंय असं मला वाटतं.

पण तोच लायसन्स आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती ठळक अक्षरात सांगतो: हे सॉफ्टवेअर आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झाल्यास लेखक जबाबदार नाही. म्हणजे कंपनी मेंटेनरचं काही देणं लागत नाही, आणि मेंटेनरही कंपनीचं काही देणं लागत नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी कोरा आहे. भांडण सुरू होतं ते कंपन्या यातला पहिला भाग पाळतात आणि दुसरा विसरतात तेव्हा.

डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या, जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या ओपन सोर्स भागात फार गंभीर त्रुटी सापडली. धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा. तो भाग सांभाळणारे स्वयंसेवक होते. आपल्या नोकऱ्या सांभाळून त्यांनी अहोरात्र काम केलं आणि दुरुस्त्या काढल्या. जानेवारीत कर्ल या, इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना अमेरिकेतल्या एका बलाढ्य कंपनीकडून ईमेल आला. तुमच्या उत्पादनात लॉग4जे आहे का, कधी दुरुस्त केलं, आमच्या माहितीला धोका आहे का, अशी प्रश्नांची यादी. आणि उत्तरं 24 तासांत द्या अशी सूचना. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, जावाशी त्याचा काही संबंध नाही. त्या कंपनीने स्टेनबर्ग यांना कधी एक पैसाही दिला नव्हता. त्यांनी कळवलं, सपोर्टचा करार करा, लगेच उत्तरं देतो.

या ईमेलमध्ये सगळ्या वादाचं मूळ दिसतं. कंपनीच्या लेखी कोड देणारा प्रत्येक जण पुरवठादार. पण पुरवठादार असतो तिथे खरेदीची ऑर्डर असते, बिल असतं, करार असतो. इथे यातलं काहीच नाही. माझ्या मते देणं इथूनच सुरू होतं: ग्राहकाचे हक्क हवे असतील तर ग्राहक व्हावं लागेल. व्हायचं नसेल तर चालेल, पण मग मुदती घालू नयेत.

## एकटा माणूस गाठला की काय होतं

या विषयात दानधर्माची भाषा मला अपुरी वाटते, त्याचं कारण एक्सझेडचं प्रकरण आहे.

एक्सझेड युटिल्स हे माहिती दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर ते असतं. फिनलंडचे लासे कॉलिन अनेक वर्षं ते एकट्याने, मोबदल्याशिवाय सांभाळत होते. 2021 मध्ये 'जिया तान' या नावाने कुणीतरी मदतीला आलं. छोटे छोटे बदल पाठवले, नम्रपणे, नीटनेटके. 2022 मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली आणि कॉलिन यांच्यावर दबाव आणू लागली: काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी मेंटेनर करा. कॉलिन यांनी तेव्हा उघडपणे लिहिलं होतं की आपली तब्येत, विशेषतः मनाची, बरेच दिवस ठीक नाही, आणि हे काम आपण हौसेने, विनामोबदला करतो हेही लोकांनी ध्यानात ठेवावं. शेवटी त्यांनी जिया तानला अधिकार दिले. दुसरं कुणी आलंच नव्हतं.

2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये जिया तानने चोरदरवाजा बसवला. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी जगभर वापरली जाते ती एसएसएच ही सोय त्याचं लक्ष्य होती. ज्याच्याकडे त्या दरवाजाची किल्ली, तो त्या सर्व्हरचा मालक.

हे उघडकीला आलं ते नशिबाने. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आणि पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसचे विकासक. काही चाचण्या घेताना त्यांच्या लक्षात आलं की एसएसएचला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्ध्या सेकंदाकडे कुणीही दुर्लक्ष केलं असतं. त्यांनी ते खणून काढलं आणि 29 मार्च 2024 ला जगाला सांगितलं. तोवर ती आवृत्ती काही लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांत पोचली होती, स्थिर आवृत्त्यांत पोचायची होती. आणखी काही महिने गेले असते तर किती सर्व्हर उघडे पडले असते याची कल्पना करवत नाही.

हल्ला झाला तो कोडच्या कमकुवत जागेवर नव्हता, मेंटेनरच्या एकटेपणावर होता. हल्लेखोराने दोन-अडीच वर्षं घालवून तेवढंच केलं, जे एक्सझेडवर अवलंबून असलेल्या एकाही कंपनीने केलं नव्हतं: थकलेल्या माणसाला मदतीचा हात दिला. त्या कंपन्यांपैकी एकीने जरी आपला एक अभियंता आठवड्यातून एक दिवस तिथे बसवला असता, तर जिया तानला जागाच उरली नसती.

## "पण कंपन्या भरपूर देतात की!"

देतात, हे खरं आहे. लिनक्सच्या गाभ्याचं बहुतेक काम आज इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. कुबरनेटीस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर गूगलने उभं केलं, रिॲक्ट फेसबुकने. फ्रॉइंड यांना मायक्रोसॉफ्ट पगार देत होती म्हणूनच त्यांना पोस्टग्रेसवर वेळ घालवता येत होता. कंपन्या काहीच करत नाहीत असं म्हणणारा माणूस चुकीचा आहे.

पण पैसा जातो तो कंपनीला ज्यातून थेट फायदा दिसतो तिथे आणि जिथे नाव होतं तिथे. फाइल दाबणारं, एक्सएमएल वाचणारं, तारखा मोजणारं सॉफ्टवेअर कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. ते सगळ्यांचं असतं, म्हणून कुणाचंच नसतं. प्रत्येक कंपनीला वाटतं, दुसरी कुणी तरी पाहत असेल.

## "चूक शोधून देणं ही मदतच ना?"

आता एफएफएमपेगकडे येऊ. व्हिडिओ आणि आवाज यांच्या असंख्य प्रकारच्या फाइल वाचणारं हे सॉफ्टवेअर व्हीएलसीमध्ये आहे, क्रोममध्ये आहे, आणखी कुठे कुठे आहे ते मोजणं अवघड. 2025 मध्ये गूगलच्या 'बिग स्लीप' या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साधनाने त्यात काही त्रुटी शोधल्या. त्यातली एक होती 1995 सालच्या एका व्हिडिओ गेमसाठीच्या फाइल-प्रकारात. स्वयंसेवकांनी ती दुरुस्त केली, पण जाहीरपणे विचारलं: तुमच्याकडे यंत्रं आहेत, पगारी माणसं आहेत, त्रुटी शोधता, मग दुरुस्ती का पाठवत नाही? गूगलचा नियम असा की कळवल्यापासून 90 दिवसांत त्रुटी दुरुस्त झाली नाही तरी ती जाहीर केली जाते. शिवाय त्या वर्षीपासून गूगलचा सुरक्षा-संशोधन गट कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी सापडलंय हे कळवल्यानंतर आठवडाभरातच सांगू लागला होता. पगारी टीम असलेल्या कंपनीला ही मुदत कामाला लावते. स्वयंसेवकाच्या मात्र ती डोक्यावर बसते.

गूगलची बाजूही ऐकायला हवी. त्रुटी खरी होती. खास तयार केलेली फाइल उघडायला लावून तिचा गैरवापर करता येणं शक्य होतं. जुन्या गेमची म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. सुरक्षेच्या त्रुटी दडवून ठेवल्या तर हल्लेखोरांनाच फावतं, आणि मुदत नसेल तर काही कंपन्या वर्षानुवर्षं हलत नाहीत, हा अनुभव खोटा नाही. त्यामुळे 'कळवूच नका' असं मी म्हणणार नाही.

मात्र शोधणं आता स्वस्त झालंय आणि दुरुस्ती पूर्वीइतकीच महाग आहे. यंत्र एका रात्रीत शंभर संशयित जागा दाखवू शकतं. प्रत्येक जागा पडताळायला माणसाची संध्याकाळ जाते. कर्लला तर यंत्राकडून लिहून घेतलेल्या, खोट्या निघणाऱ्या तक्रारींचा एवढा लोंढा आला की त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजनाच 2026 च्या सुरुवातीला बंद करावी लागली. ज्या कंपनीकडे शोधायची ताकद आहे तिने शोधाबरोबर दुरुस्तीही पाठवावी, किमान दुरुस्तीचा खर्च उचलावा, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

याच एफएफएमपेगने 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टबद्दलचा एक अनुभव जाहीर केला होता. टीम्स या ॲपशी संबंधित एक अडचण कंपनीच्या अभियंत्याने तातडीची म्हणून स्वयंसेवकांच्या तक्रारपेटीत नोंदवली. स्वयंसेवकांनी दीर्घ मुदतीचा सपोर्ट करार सुचवला; उत्तरादाखल काही हजार डॉलर, तेही एकदाच, देऊ करण्यात आले.

## "परवडत नसेल तर सोडा, किंवा पैसे लावा"

सोडणं ऐकायला सोपं वाटतं. वेल्नहोफर यांनी सोडलं, आणि नवी माणसं येईपर्यंत जगभरच्या वापरकर्त्यांच्या डोक्याला घोर लागला. काहींनी रागाच्या भरात वेगळी वाट धरली: 2022 च्या जानेवारीत कलर्स आणि फेकर या दोन लोकप्रिय भागांच्या लेखकाने आपलाच कोड मुद्दाम बिघडवला आणि त्यावर उभे असलेले हजारो प्रकल्प अडकले. मोठ्या कंपन्यांसाठी फुकट काम करणार नाही, असं त्याने आधी लिहिलं होतं. त्याचा राग मी समजू शकतो, कृती नाही. फटका बसला तो लहानसहान प्रोग्रामरांना.

पैसे लावण्याचाही प्रयोग झालाय. हॅशिकॉर्प या कंपनीने 2023 मध्ये आणि रेडिस या कंपनीने 2024 मध्ये आपल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बदलून, त्यावर प्रतिस्पर्धी सेवा विकणाऱ्या कंपन्यांच्या फुकट वापरावर बंधनं आणली. त्याबरोबर ओपनटोफू आणि व्हॅल्की या नावांनी जुन्या कोडच्या वेगळ्या शाखा निघाल्या. 2025 मध्ये रेडिसने पुन्हा ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला. आणि या कंपन्या होत्या. एकट्या मेंटेनरने उद्या पैसे मागितले तर लोक जुनी आवृत्ती घेऊन पुढे जातील.

## मग नेमकं देणं काय?

सगळ्यात आधी वेळ, म्हणजे माणूस. कंपनी ज्या भागांवर उभी आहे त्यांची यादी करून, त्यातले एकट्या माणसावर टेकलेले कोणते ते पाहून, तिथे आपल्या अभियंत्याचे काही तास कायमचे लावणं. कोड लिहायलाच हवा असं नाही. आलेल्या तक्रारी पडताळून देणं हेही मोठं काम आहे.

त्यानंतर पैसा, पण नियमित. एकरकमी देणगीने कुणी नोकरी सोडून मेंटेनर होऊ शकत नाही. स्टेनबर्ग 2019 पासून कर्लवर पूर्णवेळ काम करतात, कारण वुल्फएसएसएल ही कंपनी कर्लच्या सपोर्टचे करार विकते आणि त्यांना पगार देते. सेंट्री या कंपनीने 2024 मध्ये सुरू केलेल्या प्रतिज्ञेत प्रत्येक कंपनीने आपल्या दर विकासकामागे वर्षाला किमान 2,000 डॉलर मेंटेनरांना द्यावेत असा दर ठरवलाय. जर्मनीच्या सरकारने 2022 पासून अशा पायाभूत प्रकल्पांसाठी सार्वजनिक निधी उभारला; लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या नोम या प्रकल्पाला त्यातून दहा लाख युरो मिळाले.

इथे एक व्यावहारिक अडचण येते. मोठ्या कंपनीत लाखोंचं सॉफ्टवेअर विकत घ्यायला खाती, अर्ज, मंजुऱ्या सगळं तयार असतं. पण बिल न पाठवणाऱ्या, व्हेंडर म्हणून नोंद नसलेल्या, परदेशात घरी बसून काम करणाऱ्या माणसाला पैसे कसे द्यायचे याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. बरेचदा इच्छा असूनही गाडी इथे अडते. म्हणून हे काम एखाद्या हौशी अभियंत्यावर न सोडता खरेदी विभागाने एकदा बसून मार्गी लावायला हवं.

युरोपात आता कायदाही आलाय. 'सायबर रेझिलियन्स ॲक्ट' 10 डिसेंबर 2024 ला अमलात आला. गैरवापर होत असलेल्या त्रुटी सरकारी यंत्रणेला कळवण्याचं बंधन 11 सप्टेंबर 2026 पासून आहे, उरलेली मुख्य बंधनं 11 डिसेंबर 2027 पासून. या कायद्याने जबाबदारी टाकली आहे ती उत्पादन विकणाऱ्यावर. उत्पादनात ओपन सोर्सचा भाग असेल तर तो सुरक्षित आहे का हे पाहणं विक्रेत्याचं काम. त्यात त्रुटी सापडली तर मेंटेनरला कळवायची, आणि स्वतः दुरुस्ती केली असेल तर ती त्याच्यापर्यंत पोचवायची. व्यवसाय म्हणून न करणारा स्वयंसेवक या बंधनांच्या बाहेर आहे. युरोपात माल विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही हे लागू आहे, म्हणून तारखा लिहून ठेवाव्यात.

## आणि आपल्याकडच्या कंपन्या?

बड्या कंपन्या म्हटलं की डोळ्यांसमोर कॅलिफोर्निया येतं. पण हिंजवडीतल्या, ऐरोलीतल्या, बंगळूरच्या हजारो अभियंत्यांचं रोजचं काम याच भागांवर चालतं. आधारची यंत्रणा ओपन सोर्सवर उभी आहे, आणि सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण केंद्र सरकारने 2015 मध्येच आणलं. देणाऱ्यांतही आपले लोक आहेत: मुंबईच्या फ्रापे या कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर जगाला खुलं दिलं, झिरोधाने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जगभरातल्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तरी वापराच्या मानाने हे फार थोडं आहे.

पैशांचा निर्णय वरच्या मजल्यावर होतो, तो होईल तेव्हा होवो. त्याआधी एक अडसर काढता येण्याजोगा आहे. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांच्या नेमणूकपत्रात असं कलम असतं की नोकरीत असताना लिहिलेली प्रत्येक ओळ कंपनीच्या मालकीची. त्यामुळे एखाद्या मुलीला कामाच्या ओघात ओपन सोर्समधली चूक सापडली आणि तिने ती दुरुस्त केली, तरी ती दुरुस्ती मूळ मेंटेनरकडे पाठवायला तिला कायदा विभागाची लेखी परवानगी लागते. ती मिळायला महिने जातात, म्हणून बहुतेक जण पाठवतच नाहीत. दुरुस्ती कंपनीच्या प्रतीत पडून राहते, पुढच्या आवृत्तीच्या वेळी ती पुन्हा बसवावी लागते, आणि मेंटेनर तीच चूक पुन्हा शोधत बसतो. कंपनीने एका पानाचं धोरण काढावं: आम्ही वापरतो त्या ओपन सोर्स भागांतल्या दुरुस्त्या कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत मूळ प्रकल्पाला पाठवाव्यात, वेगळी परवानगी नको. याला निधी लागत नाही, संचालक मंडळाचा ठराव लागत नाही. बहुतेक ठिकाणी अभियांत्रिकी प्रमुख आणि कायदा विभाग यांची एक बैठक पुरते. तुम्ही अशा कंपनीत असाल तर हे कलम आपल्या नेमणूकपत्रात आहे का ते आधी पाहा, आणि असेल तर ती बैठक मागा.